पानाखाली खरे नाव लिहा



अलीकडे आपल्या घराघरांत एक वस्तू दिसू लागली आहे. जाळीदार पिंपळाचे पान, त्यावर तथागतांची किंवा बाबासाहेबांची रेखाटलेली प्रतिमा, आणि वरून काच किंवा प्लॅस्टिक. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या, कॅलेंडरांच्या स्टॉलशेजारी अशी पाने मिळतात. सुकवलेल्या फुलापानांची शुभेच्छापत्रे आणि पुस्तकात ठेवायच्या खुणाही मिळतात. वस्तू देखणी असते. पण ती उलटी करून पाहिली तर मागची बाजू कोरी असते. पान कोठले, कोणी उचलले, कोणी सुकवले, यातले काहीच लिहिलेले नसते.

पाने-फुले गोळा करून, दाबून, सुकवून त्यांच्या वस्तू करणे हा आजच्या लेखाचा विषय आहे. काम कसे करावे ते सांगूच. पण खरे बोलायचे आहे ते त्या कोऱ्या पाठीविषयी.

आगर म्हणजे साठा

डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याने निघाले की आगर, नरपड, चिखले, घोलवड अशी गावे लागतात. 'आगर' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक बागायती वाडी, आणि दुसरा साठा. 'गुणांचे आगर' म्हणतात तसा. आमच्या भागाला दोन्ही अर्थ शोभतात. एका बाजूला समुद्र, वाळूवर पसरलेली मर्यादवेल आणि सुरूची झाडे; खाडीत तिवरे; मधल्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या, ताड आणि शिंदी; आणि पूर्वेला तलासरीच्या बाजूस गेले की साग, ऐन, पळस, खैर, कुडा, आपटा. शहरातली माणसे पैसे खर्चून जे पाहायला येतात ते आमच्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर आहे.

तरीही आमच्या वस्तीतील मुलांना दहा झाडांची नावे विचारली तर सहाव्या-सातव्या नावालाच गाडी अडते. पाठ्यपुस्तकातले 'पर्णरंध्र' पाठ असते, पण दारातले झाड अनोळखी असते. म्हणून मागील दोन वर्षावासांत आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास 'पान ओळखा' असा उपक्रम ठेवला. महिला मंडळाच्या भगिनी त्यात आल्या आणि पाऊस ओसरल्यावर त्याला हस्तव्यवसायाचे रूप आले. त्या अनुभवावरून हे चार शब्द.

मूठभर पानांची शिकवण

काही समाजबांधवांनी विचारले, "पालापाचोळा गोळा करण्यात धम्म कोठे आला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर धम्मग्रंथांतच आहे.

संयुत्त निकायात कोसंबीच्या सिंसपा वनातील प्रसंग आहे. तथागतांनी मूठभर पाने हातात घेऊन भिक्खूंना विचारले की ही पाने अधिक की वनातली अधिक? वनातलीच अधिक, हे उघड होते. तसेच जे जाणले ते पुष्कळ, पण दुःखमुक्तीसाठी जे उपयोगी तेवढेच सांगितले, असा त्याचा बोध. शिकवण्यासाठी हातात घेतली ती पाने.

दुसरी कथा विनयपिटकातील जीवकाची. वेश्येच्या पोटी जन्मून उकिरड्यावर टाकलेले हे मूल पुढे बुद्धांचा वैद्य झाले. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, कुदळ घे, तक्षशिलेभोवती एक योजनभर फीर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. तशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही, आणि हेच त्याचे उत्तीर्ण होणे ठरले! जन्माने नव्हे, ओळखीने मोठा झालेला हा माणूस. प्रत्येक पान हाताळून पाहिल्याशिवाय ही परीक्षा कोण देऊ शकेल?

आणि वर्षावास तरी का सुरू झाला? पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवे गवत तुडवतात, लहान जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. भिक्खूंनी झाडे-रोपे तोडू नयेत असाही विनयाचा नियम आहे. उपासकांना तो जसाच्या तसा लागू नाही, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणून आमच्या मुलांसाठी आम्ही शीलांच्या आधारे तीन साधे नियम केले.

काय उचलावे, काय सोडावे

पहिला नियम, पडलेले आधी उचलावे. पिंपळ, वड, बदाम, साग यांची पाने आपोआप गळतात. गुलमोहराच्या आणि बहाव्याच्या पाकळ्यांचा तर सडा पडतो. तोडायचेच असेल तर एका झाडाचे एक-दोन नग आणि तेही कात्रीने. फांदी ओरबाडायची नाही. दसऱ्याला आपट्याचे काय हाल होतात ते आपण दरवर्षी पाहतो. मर्यादवेलीचे एखादे पान घ्यावे, वेल उपटू नये. किनाऱ्याची वाळू तीच धरून ठेवते. तिवरांना तर हात लावूच नये.

दुसरा नियम, न दिलेले घेऊ नये. चिकूच्या वाडीत पडलेले पानसुद्धा वाडीवाल्याला विचारून घ्यावे. तलासरीकडच्या जंगलातील गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला आहे. तेथे पोते भरायला जाण्याआधी पाड्यातील माणसांशी, ग्रामसभेशी बोलावे. आपले पाणी अडवले गेले तेव्हा आपल्याला काय वाटले, हे चवदार तळ्याच्या वारसांनी दुसऱ्याच्या रानात शिरताना विसरू नये.

तिसरा नियम, जे आहे तेच सांगावे. आपटा आणि कांचन यांची पाने दिसायला जवळची, दोन्ही मधोमध दुभंगलेली. कांचनाचे पान मोठे आणि त्याची फट खोल. बाजारात कांचन 'आपटा' म्हणून खपतो. आपल्या कार्डावर कांचन असेल तर कांचनच लिहावे. या तिसऱ्या नियमाकडे पुन्हा येऊच.

मुलांबरोबर जाताना काही झाडांपासून जपावे. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. कण्हेर विषारी आहे. कळलावीचे फूल पावसाळ्यात फार मोह घालते, पण ती सर्वांगाने विषारी आहे आणि रानातून कमीही होत चालली आहे. ती पाहावी आणि पुढे जावे.

दाबण्याची रीत

या कामाला भांडवल जवळजवळ लागत नाही. जुनी वर्तमानपत्रे, दोन फळ्या, चार विटा आणि धीर एवढे पुरते.

दव सुकल्यावर, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पाने-फुले गोळा करावीत. ओले पान दाबले की काळे पडते. त्याच दिवशी ती वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना न लागतील अशी मांडावीत. एखादे पान उलटे ठेवावे म्हणजे मागच्या शिराही दिसतात. वर पाच-सहा कागद, पुन्हा पाने, अशी चळत करून दोन फळ्यांमध्ये ठेवावी आणि वर विटा किंवा पाटा ठेवावा. दुसऱ्या दिवशी कागद बदलावेत, तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग एक दिवसाआड. काम फसते ते इथेच. कागद बदलण्याचा कंटाळा केला तर आमच्या खाऱ्या, दमट हवेत चार दिवसांत बुरशी येते. पातळ पानाला आठवडा आणि जाड पानाला पंधरा दिवस लागतात. पान गालाला लावून पाहावे. गार लागले तर अजून ओल आहे.

घाई असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उन्हात मात्र वाळवू नये, रंग उडतो.

सगळीच फुले साथ देत नाहीत. बोगनवेल उत्तम सुकते, रंगही टिकतो. गोकर्ण आणि तेरडा बरे. झेंडूचे अख्खे फूल जाड, त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात. मोगऱ्यासारखी पांढरी फुले तपकिरी पडतात. जास्वंद चिकट, ती कागदाला धरून बसते. नेचे, गवताचे तुरे, भाताची लोंबी ही मात्र गरिबाघरची संपत्ती. सुकल्यावर फुलांपेक्षा शोभतात.

चिकटवताना फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून काडीने ठिपके द्यावेत, पान माखू नये. पूर्ण सुकल्याशिवाय लॅमिनेशन करू नये, नाहीतर आतल्या आत काळे पडते. तयार माल डब्यात ठेवताना सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या कागदात बांधून ठेवाव्यात.

जाळीचे पिंपळपान

पिंपळपानाची जाळी करणे हे वेगळे काम आहे. गळलेली पण न फाटलेली, पूर्ण वाढलेली पाने घ्यावीत. ती बादलीत बुडवून तीन-चार आठवडे ठेवावीत आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. वास येतो, म्हणून बादली घरापासून दूर आणि झाकून ठेवावी. उघड्या पाण्यात डास होतात. पानाचा गर कुजून सुटू लागला की पान ताटात पाण्यात धरून मऊ टूथब्रशने हलकेच टिपत जावे. गर निघतो, शिरांची जाळी राहते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळले तर काम लवकर होते, पण ते मोठ्यांनी आणि हातमोजे घालून करावे. मग जाळी वर्तमानपत्रात दाबून सुकवावी.

पहिल्या खेपेस अर्धी पाने फाटतात. आमच्या मंडळातील एका ताईंनी त्यावर युक्ती काढली. ब्रश घासायचा नाही, उभा धरून ठोकायचा, आणि सुरुवात देठाकडून करायची. त्यानंतर फाटण्याचे प्रमाण खूप कमी झाले.

या पानाविषयी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हे पान ताईत नव्हे. ते उशाशी ठेवून परीक्षेत गुण मिळत नाहीत, गल्ल्यात ठेवून बरकत येत नाही. बोधिवृक्षाखाली सिद्धार्थ गौतमांनी जे मिळवले ते चिंतनाने आणि प्रयत्नाने मिळवले, ही त्याची आठवण. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पिंपळाला फेऱ्या बंद झाल्या असतील आणि जाळीच्या पानाला उदबत्ती सुरू झाली असेल, तर मग बदलले काय?

नाव कोणाला ठाऊक होते?

पाने सुकली, कागदावर चिकटली. आता खाली नाव लिहायचे होते. येथे आम्ही सुशिक्षित म्हणवणारे अडलो. आमच्यात बी.कॉम. होते, डी.एड. झालेल्या भगिनी होत्या, बारावी सायन्सची मुले होती. पण गोळा केलेल्या पानांपैकी निम्म्यांची नावे आम्हाला सांगता येईनात.

ती सांगितली पाड्यावरच्या एका वारली मावशींनी. चळत समोर ठेवली आणि त्या एकेक पान उचलून, कधी चुरगळून वास घेऊन, नाव सांगत गेल्या. नुसते नाव नव्हे. हे गुरे खातात, हे खात नाहीत, याचा पाला भाताच्या राबाला, याची भाजी पहिल्या पावसानंतर, याने ताप उतरतो म्हणतात. मावशींना अक्षरओळख नाही. मुले वहीत लिहीत होती आणि मावशी मास्तरांसारख्या सांगत होत्या.

मग मंडळात प्रश्न आला की कार्डाच्या मागे काय लिहायचे? 'महिला मंडळ, आगर' एवढे पुरे, असे काहींचे म्हणणे. एका तरुण मुलीने विचारले, "मग मावशींचे नाव कोठे येणार?" सगळे गप्प झाले.

हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. सतराव्या शतकात कोचीनच्या डच कंपनीचा अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेतला. 'होर्तुस मलबारिकुस' हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. त्यातील वनस्पतींचे ज्ञान मोठ्या प्रमाणावर इट्टी अच्युतन या वैद्याकडून आले. तो एझवा जातीचा होता. ज्या जातीच्या माणसाला सवर्णांपासून अंतर राखून चालावे लागे, त्या जातीचा. पण त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात २० एप्रिल १६७५ या तारखेचे त्याचे निवेदन त्याच्या नावासह छापलेले आहे. तसे नसते तर इट्टी अच्युतन कोण हे आज कोणाला कळले असते? मात्र त्याच ग्रंथासाठी रानोमाळ हिंडून फांद्या आणणाऱ्या शेकडो हातांची नावे त्यात नाहीत. एकाचे नाव राहिले, बाकीचे हात पुसले गेले.

आमच्याच तालुक्यातील वारली चित्रांचे पाहा. लग्नघरात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे पिढ्यान्‌पिढ्या कोठे नोंदली गेली नाहीत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी कागदावर चित्रे काढली, जगभर नाव मिळवले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. एका नावामुळे एका जमातीची कला जगाला कळली. पण आजही कपांवर, पिशव्यांवर, भिंतींवर वारली आकृत्या छापणाऱ्यांपैकी किती जण खाली चित्रकाराचे नाव लिहितात?

आणि सातासमुद्रापलीकडचा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तर आपल्या परिचयाचाच आहे. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे तो मराठी घरांत पोहोचला. गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच झाडांचा वैद्य म्हणून ओळखला जाई. एका कॉलेजने काळा म्हणून त्याला दारातून परत पाठवले. पुढे तो आयोवात शेतीशास्त्र शिकला आणि १८९६ मध्ये टस्कीगीला आपल्या लोकांना शिकवायला गेला. तो वनस्पतींचे नमुने गोळा करी, फुलांची चित्रे रंगवी, मातीपासून रंग बनवी. रानातल्या फुकटच्या वस्तूंतून गरिबाचे घर कसे सजेल हे त्याने शिकवले. पानाफुलांचे काम हे रिकामपणचा उद्योग नव्हे, हे पटवायला एवढे पुरे.

आमच्या मंडळाने ठरवले की प्रत्येक कार्डामागे तीन नावे येतील. नाव सांगणारी, गोळा करणारी आणि तयार करणारी. मावशींना ज्या दिवशी बोलावू त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, चहा-पोह्यांवर भागवायचे नाही. मावशींनी आपले नाव कागदावर कसे दिसते ते दोनदा बघून घेतले.

व्यापारी दारात येतो तेव्हा

मागच्या वर्षी मे महिना जवळ आला, तसा शहरातला एक व्यापारी माल बघायला आला. माल त्याला आवडला. पाचशे नग घेतो म्हणाला. भाव नगाला बारा रुपये. अटी दोन. मागे बायकांची नावे नकोत, तेथे त्याच्या दुकानाचा छाप येईल. आणि पिंपळपानाच्या पाकिटावर 'बुद्धगयेचे पवित्र बोधिपान' असे छापायचे.

मंडळात दोन तट पडले. जून तोंडावर होता. वह्या, दप्तरे, फी यांचा खर्च सगळ्यांसमोर होता. एक ताई स्पष्ट म्हणाल्या, "नावाने पोट भरत नाही. मागे काय लिहिले आहे ते कोण वाचतो?" त्यांच्या घरी कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचे म्हणणे उडवून लावणे सोपे होते, पण ते न्यायाचे झाले नसते.

म्हणून आम्ही भाषण न करता फळ्यावर हिशेब मांडला. वाचकांनीही आपापल्या मंडळात तो मांडून पाहावा.

समजा, एका कार्डाचा कागद, पाकीट, डिंक मिळून सहा रुपये. गोळा करणे, कागद बदलणे, चिकटवणे मिळून एका कार्डाला अर्धा तास. दिवसाची मजुरी हिशेबासाठी चारशे धरली आणि दिवस आठ तासांचा, तर अर्ध्या तासाचे पंचवीस. एकूण एकतीस. पाच कार्डांत एक बिघडते, म्हणजे चार चांगल्या कार्डांनी पाचांचा खर्च सोसायचा. म्हणजे नगाला सुमारे एकोणचाळीस. चाळीस रुपयांच्या खाली विकणे म्हणजे स्वतःची मजुरी सोडणे.

आता बाराचा भाव पाहा. दिवसभरात सोळा कार्डे, त्यांचे साहित्य शहाण्णव रुपये. बिघडलेली वगळून तेरा विकली, हाती आले एकशे छप्पन्न. वजा शहाण्णव. उरले साठ रुपये! आठ तासांचे साठ रुपये. हस्तकला म्हणा, गृहोद्योग म्हणा, हिला जुन्या भाषेत वेठ म्हणत.

वेठ हा शब्द आपल्याला आणि आमच्या शेजाऱ्यांनाही चांगला ठाऊक आहे. महार वतनाच्या नावाखाली गावाने काम सांगायचे आणि मोबदला शिळ्या भाकरीचा, हे मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. इकडे तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वेठीविरुद्ध उठाव केला. गवतकापणीला ठरलेला दर मिळावा ही त्यांची एक मोठी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी शहीद झाले. गवताच्या दरासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्या मातीत आपण पानांची मजुरी आपण होऊन सोडून द्यायची काय?

राहिली दुसरी अट. आगरच्या पिंपळाचे पान बुद्धगयेचे म्हणून विकायचे, म्हणजे चौथ्या शीलाचा उघड भंग, आणि तोही तथागतांच्या नावावर. घेणारा कोण? कर्ज काढून चैत्यभूमीला आलेला आपलाच बांधव. त्याची श्रद्धा नाडून आपल्या मुलांच्या वह्या आणायच्या नाहीत, यावर मात्र दोन्ही तट एक झाले. त्या ताईही म्हणाल्या, "खोटे लिहायचे असेल तर मी हात लावणार नाही."

व्यापारी परत गेला. त्याचे सहा हजार रुपये गेले, हे आम्ही लपवीत नाही. बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेर टेबल मांडले. दीडशेपैकी एक्क्याण्णव कार्डे चाळीसच्या भावाने गेली. बाकीची डब्यात राहिली. फी भरायला काही घरांना मंडळाच्या भिशीतून उचल द्यावी लागली. पण एक नवीन गोष्ट दिसली. घेणारे लोक कार्ड उलटे करून वाचत होते. "आगरचे आहे का हे पान? कोणत्या झाडाचे?" असे विचारत होते. एका शिक्षिकेने शाळेसाठी पंचवीस पानांचा संच मागितला, तो नावांसह हवा होता.

नोंद म्हणजे साक्ष

शास्त्रज्ञ सुकवलेल्या वनस्पतींचे संग्रह ठेवतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा असा मोठा संग्रह आहे. पुण्यातही आहेत. तेथे सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीच्या जाड कागदावर वनस्पती चिकटवतात आणि खाली कोपऱ्यात नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. शंभर वर्षांनीही कळते की अमुक झाड तमुक जागी होते. ही चिठ्ठी नसेल तर त्या वनस्पतीला शास्त्राच्या दृष्टीने फारशी किंमत उरत नाही.

आमच्या तालुक्याला अशा साक्षीची फार गरज आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचा मार्गही डहाणू-तलासरीतून जातो. बाजूने असा वा विरोधात असा, किनारा आणि रान बदलणार हे नक्की. उद्या मुले विचारतील, येथे काय होते? तेव्हा तारीख घातलेले एक सुकलेले पान शंभर भाषणांपेक्षा अधिक सांगेल.

म्हणून प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने आपल्या परिसरातील निदान पन्नास पानांची एक वही करावी, ही आमची विनंती. विक्रीची कार्डे वेगळी, ही वही विहाराची. पानाखाली एवढे लिहावे :

नाव : मर्यादवेल
कोठे : आगर, किनाऱ्याची वाळू
केव्हा : दिवस, महिना, वर्ष
नाव सांगणारी व्यक्ती :
गोळा करणारी व्यक्ती :
तयार करणारी व्यक्ती :

नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरू नये. कोणीतरी जाणते माणूस भेटेल तेव्हा ती भरावी, आणि त्या माणसाचे नावही लिहावे. मुलांना हे काम द्याल तर अक्षर सुधारेल, झाड कळेल आणि खरे लिहिण्याची सवय लागेल.

आपल्या पूर्वजांनी या देशाचे रस्ते झाडले, सरहद्दी राखल्या, विहिरी खणल्या. त्यावर त्यांची नावे कोठे नाहीत. नाव लिहिण्याची लेखणी तेव्हा त्यांच्या हातात नव्हती. आज ती बाबासाहेबांच्या कृपेने आपल्या हातात आहे. पिंपळाच्या पानाइतक्या लहान वस्तूपासून ती चालवायला सुरुवात करू या; स्वतःचे नाव लिहू आणि शेजारी बसलेल्या मावशींचेही.

जय भीम! नमो बुद्धाय!